नव्या लॅपटॉपवरचं पहिलं लग्न

सोमशेखरनं लॅपटॉप घेतला तो दोन हजार सातच्या दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागायच्या आत. एकदा सीझन सुरू झाला की नवी वस्तू शिकायला सवड मिळत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

राजारामपुरीत त्याचा स्टुडिओ होता. वडिलांच्या काळात तिथं पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम व्हायचे. सोमशेखरच्या हातात आल्यावर लग्नाचं शूटिंग हेच मुख्य काम झालं. शूटिंग तो करायचा आणि मिक्सिंग त्याची बायको रक्षिता. मिक्सिंग म्हणजे कॅमेऱ्यातल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायचं, उरलेलं ओळीनं लावायचं, गाणी घालायची आणि शेवटी सीडी काढायची. रक्षिता संकेश्वरची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं काहीच येत नव्हतं. पण मिक्सिंगला ठेवलेला माणूस ऐन सीझनमध्ये सोडून गेला, आणि तोवर नुसती काउंटरवर बसणारी रक्षिता त्याच्या खुर्चीत जाऊन बसली, ती कायमचीच.

जुना कॉम्प्युटर असेंबल करून घेतलेला होता. एका गाण्याचा रंग सुधारला, वर नवरानवरीची नावं फिरवली, दोन चित्रं एकमेकांत मिसळली की ते तयार व्हायला अख्खी दुपार जायची. मधेच बघायचं म्हटलं तर चित्र अडखळत चालायचं, म्हणून रक्षिता निम्मं काम अंदाजानं करायची. चुकलं असेल तर ते सगळं तयार झाल्यावरच कळायचं. एका लग्नाची सीडी गिऱ्हाइकाच्या हातात पडायला दोन-दोन महिने लागत. तोवर नवरी माहेरी दोनदा येऊन गेलेली असे.

लॅपटॉप पुण्याहून आणला. सतरा इंची पडदा, दोन कोअरचा प्रोसेसर, दोन जीबी मेमरी आणि चित्रांच्या कामासाठी वेगळं कार्ड. दुकानदार म्हणाला होता, कोल्हापुरात असला दुसरा नसेल. ते कुणी तपासायला गेलं नाही, पण गल्लीतले लोक चार-पाच दिवस येऊन बघून गेले. कुणी पडद्यावर बोट लावून बघितलं, कुणी उचलून वजन बघितलं. शेजारचा मेडिकलवाला म्हणाला, "ह्यो मांडीवर घ्यायचा म्हंत्यात. मांडी मोडंल की."

वजनाचं खरंच होतं. पण रक्षितानं पहिल्याच आठवड्यात एका जुन्या लग्नाचं गाणं त्यावर घेऊन बघितलं आणि वजनाचं तिला काही वाटेनासं झालं. तीन चित्रं एकावर एक चढवली तरी गाणं न अडता चाललं. रंगाची पट्टी सरकवली की रंग तिथल्या तिथं बदलायचा. तिनं सोमशेखरला हाक मारली.

"अहो, इकडं या. हे थांबतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी काय करते ते लगेच दिसतंय. आजवर मी डोळं झाकून करत होते असं वाटायला लागलंय."

तिनं ते गाणं तयार करायला लावलं आणि चहा ठेवायला आत गेली. परत आली तर काम झालेलं. काहीतरी बिघडलं असं वाटून तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेवढ्याच वेळात झालं.

दोषही तिनंच काढले. डावीकडचा भाग असा तापायचा की मनगट टेकवता येत नसे. पंखा सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. नावं फिरवायचा जुना प्रोग्रॅम त्यावर चालेचना. आणि बॅटरी. कागदावर साडेतीन तास लिहिलेले, पण मिक्सिंग करताना जेमतेम सव्वा तास टिकायची. शिवाय कॅसेट उतरवायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. तासाची कॅसेट तासभर चालणार, त्याला लॅपटॉप तरी काय करील?

सोमशेखरच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. हा लॅपटॉप उचलून नेता येतो. मग लग्नाच्या ठिकाणीच मिक्सिंग का करू नये? सकाळी लागलेलं लग्न संध्याकाळच्या रिसेप्शनला पडद्यावर दाखवायचं. पुण्या-मुंबईत असं करतात म्हणून त्यानं ऐकलं होतं. कोल्हापुरात त्याच्या बघण्यात तरी कुणी केलं नव्हतं.

रक्षिता लगेच हो म्हणाली नाही. "तेवढ्या वेळात होईल. पण कुणाला विचारायचं कधी?"

"काय विचारायचं?"

"काय ठेवायचं, काय काढायचं ते. लोक येऊन बसतात की आपल्याकडं."

हे खरं होतं. सीडी करायच्या आधी दोन्हीकडची एक-दोन माणसं स्टुडिओत येऊन बघून जात. इथं माझी सासू रडतेय ते नको, तिथं भाऊजी चिडलेत ते काढा, असं सांगत. त्या दोन महिन्यांत रुसवेफुगवे निवलेले असत आणि काय नको ते शांतपणे सांगता येत असे.

"पंधरा-वीस मिनिटांचं तर करायचंय," सोमशेखर म्हणाला. "चांगलं चांगलं तेवढं घ्यायचं. त्यात विचारण्यासारखं काय असतंय?"

डिसेंबरच्या शेवटी गणपतरावांच्या मुलीचं लग्न होतं. गणपतराव कोल्हापूरजवळच्याच गावचे, ऊस आणि दुधाचा धंदा. मुलगी स्वप्नाली, शिक्षिका. नवरा मुलगा धैर्यशील गोकुळ शिरगावला एका कारखान्यात इंजिनिअर. सोमशेखरनं कल्पना सांगितल्यावर गणपतरावांनी विचारलं,

"सकाळचं लगीन सांच्याला?"

"संध्याकाळी. त्याच हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर."

"करा की मग. आमच्या व्याह्यांनीबी बघू दे."

लग्नाच्या दिवशी कार्यालयातली वरच्या मजल्यावरची एक खोली रक्षिताला मिळाली. नवरीकडच्या बायकांच्या बॅगा एका बाजूला सारून तिनं टेबल मांडलं, लॅपटॉप ठेवला, कॅसेट उतरवायला एक जास्तीचा कॅमेरा वायरनं जोडला. खाली सोमशेखर आणि कागलचा एक ओळखीचा शूटिंगवाला असे दोन कॅमेरे फिरत होते. एक कॅसेट भरली की ती वर यायची. रक्षिता ती उतरवायला लावायची आणि आधीच्या कॅसेटचं काम करायची. एकीकडं उतरवणं आणि दुसरीकडं कापणं, दोन्ही एकाच वेळी. जुना कॉम्प्युटर अशानं जागेवर बसला असता. हा नुसता तापला आणि आवाज करत राहिला. तिनं त्याच्याखाली दोन वाट्या पालथ्या घालून हवा जायला जागा केली.

हळद, नवरदेवाचं येणं, व्याह्यांच्या भेटी, फेटे, अक्षता. दुपारच्या पंगती उठेपर्यंत तिचं निम्मं काम झालं होतं. सोमशेखर मधेच घाम पुसत वर आला. तिनं त्याला नवरदेवाच्या आगमनाचं गाणं दाखवलं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला.

"झालंसुद्धा?"

"झालं. फेट्यांचं करते आता."

फेट्यांचा भाग तिला आवडला होता. गणपतरावांनी मुलाकडच्या मानकऱ्यांना एकेक करून पुढं बोलावलं होतं. फेटेवाल्याचे हात भराभर फिरत होते, भगव्या-गुलाबी फेट्याचे पदर हवेत उडत होते. तिनं ते पदर संथ केले. चित्र अडखळलं नाही. पण सगळे चेहरे एकसारखेच ताठ बसलेले दिसत होते. मधे एखादा बघणारा चेहरा हवा, असं तिला वाटलं. शोधताना तिला शेवटच्या कॅसेटमध्ये एक म्हातारा सापडला. पांढरी टोपी, भिंतीला लावलेली खुर्ची, आजूबाजूला कुणी नाही. तो स्टेजच्या दिशेनं एकटक बघत होता. चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. फार सुरेख आला होता तो. तिनं तो उचलून फेट्यांच्या मधे लावला. मग तोच पुन्हा एकदा, जरा जवळून.

तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षी लाइट जाणं रोजचंच होतं. कार्यालयाचा जनरेटर सुरू झाला, पण त्याच्यावर खालच्या हॉलचे दिवे आणि पंखे तेवढे चालत. वरच्या खोलीत लॅपटॉप बॅटरीवर आला. रक्षितानं बाकीचं भराभर उरकलं. सगळं एकदा सलग बघावं असं तिच्या मनात होतं, पण बॅटरी उतरत चालली होती आणि तयार करायला लागणारा वेळ हातात ठेवायला हवा होता. तिनं तयार करायला लावलं. बॅटरीवर लॅपटॉप हळू चालतो हे तिला त्या दिवशी कळलं. काम पुरं झालं तेव्हा बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं.

संध्याकाळी लाइट आली. स्टेजच्या बाजूला पडदा लावला, प्रोजेक्टर मांडला. गणपतरावांनी माइकवर सांगितलं, "सकाळचं लगीन आता परत बघायचं हाय, समद्यांनी बसून घ्या." हॉल हसला. दिवे मंद केले.

सुरुवात फार छान झाली. स्वप्नालीला हळद लागताना दिसली तशी तिच्या मैत्रिणींनी ओरडा केला. धैर्यशील घोड्यावरून उतरताना त्याचा तोल जातो ते रक्षितानं ठेवलं होतं, त्यावर तो स्वतःही हसला. गणपतराव सकाळपासून आचाऱ्यामागं आणि पाण्याच्या टँकरमागं पळत होते, त्यांनी मुलीची हळद बघितलीच नव्हती. ते पडद्यासमोर उभे राहून बघत होते आणि कुणी काही विचारायला आलं की हातानं थांबवत होते. सोमशेखर कॅमेरा खांद्यावर घेऊन लोकांचे चेहरे टिपत होता. त्याला आपण जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग फेटे आले. पदर संथपणे उडाले, एकेक मानकरी ताठ झाला. आणि मधेच पांढऱ्या टोपीतला तो म्हातारा, एकटा, भिंतीशी, बघत असलेला. पुन्हा फेटे. पुन्हा तोच, आता पडदाभर.

हॉलमधला आवाज कमी झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "हंबीरतात्यास्नी फेटा न्हाय व्हय बांधला?"

प्रश्न साधा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. माना मागं वळल्या. पांढऱ्या टोपीतला माणूस तिथंच, भिंतीकडच्या खुर्चीत बसला होता. हंबीरराव, धैर्यशीलचे थोरले चुलते. शाहूवाडीकडं डोंगरात राहत होते, गावची शेती तेच बघत. त्या दिवशी पहाटेपासून त्यांची म्हैस व्यायला अडली होती, म्हणून निघायला उशीर झाला. ते पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि फेटे बांधून झाले होते. त्यांना बघून सगळ्यांनी रामराम केला, पण फेट्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे बोलावतील. मुलीकडचे त्यांना ओळखतच नव्हते. फेटेवालाही गेला होता.

हंबीरराव उठले. कुणाकडं न बघता कडेकडेनं चालत दारातून बाहेर गेले. पडद्यावर अक्षता सुरू झाल्या होत्या, पण निम्मा हॉल दाराकडंच बघत होता.

धैर्यशील स्टेजवरून उतरून त्यांच्यामागं गेला. त्याच्यामागून गणपतराव. सोमशेखरनं कॅमेरा खाली ठेवला आणि तोही गेला, कारण त्याला वाटलं आपणही असायला हवं.

हंबीरराव बाहेर पार्किंगमध्ये एका जीपला टेकून उभे होते. गणपतरावांनी हात जोडले.

"चुकलं पावणं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय. आत चला, आत्ता फेटा आणतो."

"फेट्याचं काय न्हाय वो," हंबीरराव म्हणाले. "मी उशिरा आलतो. कोण म्हणून बांधणार? मी गप बसलोतो की. कुणाला काय कळलं नव्हतं. दुपारी जेवलो, पोराला आशीर्वाद दिला, आता जाणारच हुतो." मग त्यांनी सोमशेखरकडं बघितलं. "ह्यांनी पडद्यावर घाटलं मला. ते कशापायी?"

रक्षितानं तो चेहरा का घेतला हे सोमशेखरलाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तात्या, मुद्दाम नाही केलं. कोण कुणाचं हे आम्हाला ठाऊक नसतंय."

"ठाऊक नसलं तर इचारायचं."

"तात्या, आत चला," धैर्यशील म्हणाला. "फेटा आणायला माणूस गेलाय."

"नको. आता बांधला तर पिक्चर बघून बांधला म्हंतील. चार गावांत बोभाटा होईल. नको."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. गणपतराव आणखी काही बोलणार होते, पण धैर्यशीलनं त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. तो आत गेला, दोन ताटं वाढून घेऊन आला. जीपच्या मागच्या फळीवर दोघं चुलते-पुतणे बसून जेवले, नवरदेवाच्या अंगावर जरीची शेरवानी तशीच. हंबीरराव पोटभर जेवले. मग मलकापूरकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीनं निघून गेले.

आतला कार्यक्रम कसाबसा पुरा झाला. पुढचे दोन दिवस रक्षितानं लॅपटॉप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सोमशेखरशी बोलताना म्हणाली, "मला तो माणूस आनंदानं बघतोय असं वाटलं होतं."

"फेट्यांच्या मधे नसता घातला तर तसंच वाटलं असतं."

"पुढचं लग्न सोळा तारखेला आहे ना? त्यांनाही संध्याकाळी दाखवतो म्हणून सांगितलंय तुम्ही."

"ते नंतर बघू," सोमशेखर म्हणाला. "आधी ह्यांची सीडी करायची. गणपतराव म्हणतायत, तात्यांना विचारा. धैर्यशील म्हणतो, मीच विचारतो. पण त्यानं काय विचारायचं? केलंय आपण."

मग रक्षितानंच सुचवलं. लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडं जायचं. पूर्वी हा विचारच आला नसता. जुना कॉम्प्युटर हलवायचा म्हणजे टेम्पो लागला असता.

रविवारी सकाळी ती दोघं मोटरसायकलवर निघाली. बॅग रक्षिताच्या पाठीला, पट्टे खांद्यात रुतणारे. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून रस्ता चढाचा होता. मलकापूरच्या पुढं खळ्यांवर भाताच्या पेंढ्यांच्या गंज्या लागलेल्या दिसू लागल्या. धैर्यशीलनं फोन करून ठेवला होता, त्यामुळं हंबीरराव घरापुढच्या सोप्यातच बसले होते.

"या पावणं," ते म्हणाले. रागाचं काही दिसलं नाही, पण मायाही दिसली नाही. त्यांच्या पत्नी बयाबाईंनी पाणी आणलं, मग चहा.

गावात लाइट नव्हती, दुपारनंतर येणार होती. रक्षितानं तुळशीशेजारच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवला, पण उन्हात पडद्यावर काही दिसेना. मग सोप्यात, पोत्यांच्या थप्पीवर ठेवला. ती म्हणाली, "तात्या, सीडी अजून केलेली नाही. तुम्ही बघा. तुम्ही काढा म्हणाल ते काढते, इथंच, तुमच्यासमोर."

"मी बघितलंय की एकदा."

"अक्षता बघितल्या नाहीत तुम्ही."

बयाबाई दारातून म्हणाल्या, "दाव गं पोरी. मीबी बघते. मला तर येताच आलं न्हाय."

रक्षितानं सुरुवातीपासून लावलं. म्हातारा-म्हातारी पोत्यांसमोर पाटावर बसली. घोड्यावरून उतरताना धैर्यशीलचा तोल गेला तेव्हा बयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हंबीररावांनी स्वप्नालीचे मामा कोण ते विचारलं, गणपतरावांचा भाऊ कोण ते विचारलं. अक्षतांच्या वेळी अंतरपाट खाली आला आणि धैर्यशीलनं मान वर केली. हंबीरराव पुढं झुकले.

"परत दाव."

रक्षितानं मागं नेऊन पुन्हा लावलं. लॅपटॉप न अडता जिथं हवं तिथं गेला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते म्हणाले, "त्याच्या बापासारखाच मान वर करतोय."

मग फेटे आणि तो चेहरा आला. रक्षितानं थांबवलं.

"हा काढते."

"काढ."

तिनं काढला. पण काढल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिला बोलल्याशिवाय राहवेना. "तात्या, एक सांगू का? दोन कॅमेऱ्यांत मिळून तुम्ही फक्त इथंच आहात. हा काढला तर ह्या लग्नात तुम्ही कुठंच राहत नाही."

हंबीररावांनी पडद्याकडं बघितलं. तिथं आता एकामागून एक फेटेच होते.

"दुसरं काय करता येतंय?"

रक्षितानं सोमशेखरकडं बघितलं आणि मग तो चेहरा परत घेतला. फेट्यांपासून लांब नेऊन अक्षतांच्या जागी लावला. अंतरपाट खाली येतो, धैर्यशील मान वर करतो, आणि ऊन पडलेल्या चेहऱ्यानं हंबीरराव बघत असतात. तिनं लगेच चालवून दाखवलं. तोच माणूस, तीच खुर्ची, तेच बघणं. पण आता तो आपल्या पुतण्याचं लग्न बघत होता.

बाहेर म्हैस हंबरली.

"हे खोटं झालं की," सोमशेखर हळूच म्हणाला. त्याला रक्षिताला टोकायचं नव्हतं, पण एकदा पोळल्यावर त्याला सगळं उघड बोलून घ्यायचं होतं. "तात्या त्या वेळी पोचले नव्हते."

"पोचलो नव्हतो," हंबीरराव म्हणाले. "म्हशीपाशी हुतो. पाय आडवा आलता रेडकाचा. पर ध्यान तिकडंच हुतं. आता अक्षता पडत असतील म्हणून हिला म्हणालोसुदिक."

"म्हणालं हुतं," बयाबाई म्हणाल्या.

रक्षितानं विचारलं, "मग ठेवू?"

"मला चालंल. धैर्यशीलला इचार. त्याचं लगीन हाय."

गावात फोनला रेंज नव्हती. ती दोघं जेवून निघाली. इंद्रायणी तांदळाचा भात आणि कुळथाची आमटी होती. निघताना बयाबाईंनी खरवसाचा डबा दिला. मलकापूरला पोचल्यावर सोमशेखरनं एसटी स्टँडसमोर गाडी थांबवून फोन लावला आणि काय बदललंय ते जसंच्या तसं सांगितलं. तात्या खरं तर तिथं नव्हते, हेही सांगितलं.

पलीकडून धैर्यशील म्हणाला, "ठेवा. मी अंतरपाट खाली आल्यावर बघितलं होतं, तात्या आलेत का ते."

सीडी आठवडाभरात दिली. गणपतरावांनी दोन जास्तीच्या मागून घेतल्या.

सोळा तारखेच्या लग्नाला संध्याकाळी पडद्यावर दाखवायचं सोमशेखरनं रद्द केलं नाही, पण एक अट घातली. दुपारी पंगती उठल्या की दोन्हीकडचं एकेक वडीलधारं माणूस वरच्या खोलीत येऊन सगळं बघून जाईल. लोकांना आधी ते विचित्र वाटलं. लग्नाच्या गडबडीत वर यायला कुणाला वेळ होता? मग हळूहळू पायंडा पडला. लॅपटॉपनं वाचवलेला बराचसा वेळ त्यातच जाऊ लागला. कुणी आत्याबाई वर येऊन पाय पसरून बसायच्या, पाणी मागायच्या, आणि ही कोण, तो कुणाचा, हे रक्षिताला समजावून सांगायच्या. रक्षिता ऐकत राहायची, आणि मधेच पडद्यावरचा एखादा चेहरा उचलून योग्य त्या ठिकाणी नेऊन ठेवायची.